अलॉयची कड वाचवायची असेल तर टायर घेताना नेमकं काय बघायचं?

फुटपाथला चिकटून गाडी लावताना चाकाखालून जो खर्रर्र आवाज येतो ना, तो एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. जेमतेम एक सेकंदाचा आवाज, स्टीअरिंगमधून हाताला आलेली बारीक थरथर, आणि खाली उतरून बघावं तर अलॉयच्या, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या ॲल्युमिनियमच्या रिमच्या कडेवर वीतभर लांब पांढुरका खरबरीत पट्टा, त्यावरून बोट फिरवलं तर धातूची बारीक कुसं टोचतात. माझ्या गाडीच्या फुटपाथकडच्या पुढच्या चाकावर असा पट्टा गाडी घेतल्यापासून तिसऱ्याच आठवड्यात पडला, आणि अजूनही ते चाक धुताना जीव हळहळतो.

नंतर टायर बदलायची वेळ आली तेव्हा ठरवलं की या वेळी रिम वाचवणारेच टायर घालायचे. तीन ठिकाणी विचारलं. एकाने सांगितलं जाड साइडवॉलचा घ्या, दुसऱ्याने सांगितलं एक साइज रुंद घ्या, तिसरा म्हणाला रिम गार्डवाला घ्या बाकी काही बघू नका. तिन्ही उत्तरं वेगळी आणि का ते कुणीच सांगेना. मग बसून आकडे मांडले तेव्हा कळलं की तिघंही थोडे थोडे बरोबर होते, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिघांनीही विचारली नव्हती: तुमची रिम किती रुंद आहे? हा सगळा लेख त्या एका प्रश्नाभोवती आहे.

## आधी टायरवरचे आकडे

टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे उंची, पण मिलिमीटर नाही तर रुंदीच्या किती टक्के ते, म्हणजे २२५ चे ४५ टक्के, साधारण १०१ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आणि १७ म्हणजे ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास इंचात. ही जी १०१ मिलिमीटरची उभी रबरी भिंत आहे ना, रस्त्यापासून रिमपर्यंतची, तिलाच साइडवॉल म्हणतात. ती कमी उंचीची असली की लोक लो प्रोफाइल टायर म्हणतात.

आजकाल बऱ्याच गाड्यांमध्ये एकाच मॉडेलचं साधं व्हर्जन १६ इंची चाकावर येतं आणि वरचं १७ किंवा १८ इंची. बाहेरून चाक जवळपास तेवढंच, कारण रिम मोठी झाली की रबर कमी करतात. २०५/५५ आर १६ मध्ये साइडवॉल ११३ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ मध्ये १०१, आणि २२५/४० आर १८ मध्ये फक्त ९०. तिन्हींचा एकूण व्यास ६३२ ते ६३७ मिलिमीटरच्या आत. थोडक्यात, दिसायला भारी म्हणून जी मोठी चाकं आपण घेतो त्यात धातू वाढलेला असतो आणि त्याला जपणारं रबर घटलेलं असतं.

## घासणं वेगळं, आदळणं वेगळं

इथे बरेच लोक गोंधळतात, मीसुद्धा गोंधळलो होतो. फुटपाथमुळे रिमचं नुकसान दोन तऱ्हेने होतं आणि दोन्हींवर उपाय वेगळे.

पहिलं घासणं. गाडी हळू चाललीय, फुटपाथला समांतर, आणि चाकाची बाहेरची बाजू दगडाच्या उभ्या अंगाला लागून खरवडली जाते. यात जोर फार नसतो, पण अलॉय म्हणजे शेवटी ॲल्युमिनियम, बहुतेक वेळा त्यात ७ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळलेलं, आणि त्यावर रंगाचा अगदी पातळ थर. समोर दगड नाहीतर काँक्रीट. कोण जिंकणार ते उघड आहे.

दुसरं आदळणं. चाक फुटपाथच्या धारेवर वेगात चढतं किंवा खड्ड्यात जातं, आणि दगडाची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटला जातो. दारात बोट सापडतं तसंच. यात रिम वाकते, कधी तडकते, आणि टायरच्या साइडवॉलमधले धागे तुटून तिथे फुगा येतो.

जाड साइडवॉल दुसऱ्यापासून वाचवते. रिम प्रोटेक्टर, म्हणजेच तिसऱ्या दुकानदाराचा रिम गार्ड, ज्याच्याबद्दल पुढे बोलू, तो पहिल्यापासून वाचवतो. आणि रिमच्या रुंदीचं गणित चुकलं तर पहिल्यापासून काहीच नीट वाचवत नाही.

## जाड टायर घेतला की रिम वाचली, असं आहे का?

अर्धंच खरं. आदळण्याच्या बाबतीत शंभर टक्के खरं, गादीवर पडणं आणि सतरंजीवर पडणं यात जो फरक तोच. २ सेंटीमीटर जास्त रबर म्हणजे दगडाची धार रिमपर्यंत पोचायच्या आत दबायला २ सेंटीमीटर जास्त जागा.

पण घासण्याचं गणित बघा. गाडीच्या वजनाने टायर खालून थोडा दबलेला असतो, अंदाजे अडीच सेंटीमीटर, आणि रिमची कडही आतल्या व्यासाच्या बाहेर दीड-पावणेदोन सेंटीमीटर वर आलेली असते. हे वजा केलं तर १६ इंची चाकात रिमची खालची कड जमिनीपासून साधारण ७ सेंटीमीटरवर, १७ इंचीत ६ आणि १८ इंचीत ५ सेंटीमीटरवर येते. आता फुटपाथचा दगड बऱ्याच ठिकाणी १० ते १५ सेंटीमीटर उंच असतो. म्हणजे तिन्ही चाकांत रिमची कड दगडाच्या उंचीच्या आतच आहे! ७ असो नाहीतर ५, दगड तिथपर्यंत पोचतोच.

मग १६ इंची चाकं कमी का घासतात? कारण त्यांचं रबर बाहेर जास्त फुगलेलं असतं. दगडाला आधी रबर लागतं, रिमची कड मागे राहते. प्रश्न उंचीचा नाही, कोण किती बाहेर आलंय याचा आहे.

## म्हणून रिमची रुंदी

रिमला व्यास असतो तशी रुंदीही असते, आणि ती रिमवरच कोरलेली असते, बहुतेक वेळा स्पोकच्या मागच्या बाजूला किंवा मधल्या भागात नटांजवळ. ७.५ जे × १७ असं काहीतरी दिसेल. ७.५ म्हणजे दोन्ही कडांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर इंचात, आणि जे म्हणजे कडेच्या आकाराचं अक्षर. गंमत अशी की हे आतलं माप आहे. बाहेरून बाहेर मोजलं तर रिम साधारण १ इंच जास्त रुंद भरते, दोन्ही कडांची जाडी धरून.

टायरचंही तसंच. २२५ हा नावापुरता आकडा, खरी रुंदी तो किती रुंद रिमवर बसवलाय त्यावर ठरते. चादरीची दोन टोकं दोन हातांत धरून बघा, हात जवळ आणले की मधली चादर फुगून बाहेर येते, हात लांब नेले की ती ताणून सपाट होते. टायर अगदी असाच वागतो. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की टायर साधारण ५ मिलिमीटर रुंद होतो, पण रिम स्वतः वाढते जवळजवळ १३ मिलिमीटर. प्रत्येक अर्ध्या इंचाला रबर मागे पडत जातं.

२२५/४५ आर १७ चंच उदाहरण घेऊ. हा टायर ७ पासून ८.५ इंच रुंदीच्या रिमवर बसवायला मान्यता आहे, म्हणजे चारही जोड्या नियमात बसतात. आता बघा. ७ इंची रिमवर टायर अंदाजे २२० मिलिमीटर रुंद आणि रिम बाहेरून २०३, म्हणजे रबर दोन्ही बाजूंना ८ मिलिमीटर बाहेर. साडेसात इंचीवर टायर २२५, रिम २१६, रबर ४-५ मिलिमीटर बाहेर. ८ इंचीवर २३० आणि २२८, जेमतेम १ मिलिमीटर. आणि साडेआठवर टायर २३५ पण रिम २४१, म्हणजे आता रिमच ३ मिलिमीटर बाहेर आली! तोच टायर, त्याच कंपनीचा, त्याच साइजचा, एका रिमवर तो ढाल आहे आणि दुसरीवर रिम उघडी पडलीय. आकडे अंदाजी आहेत, कंपनीप्रमाणे दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतात, पण दिशा बदलत नाही.

म्हणूनच दोन मित्र एकच टायर घालतात, एक म्हणतो रिम मस्त वाचते, दुसरा म्हणतो काही उपयोग नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. नंतर हौसेने रुंद अलॉय बसवले पण टायर जुन्याच साइजचे ठेवले, अशा गाड्यांच्या रिम फार घासतात त्याचं कारणही हेच.

## पट्टी घेऊन दोन मिनिटांत बघा

आकडेमोड नको असेल तर हे करा. एक सरळ पट्टी घ्या, फूटभर लांबीची, स्टीलची असली तर उत्तम. चाकाच्या वरच्या भागात टायरच्या फुगलेल्या पोटाला ती उभी टेकवा, अशी की पट्टीचं खालचं टोक रिमच्या कडेच्या खालपर्यंत येईल. आता पट्टी आणि रिमची कड यांच्यात किती फट राहते ते बघा. करंगळी जाईल इतकी फट असेल तर तुमच्याकडे चांगली रबरी गादी आहे. कागद जाईल एवढीच असेल किंवा पट्टी थेट रिमला टेकत असेल तर जोडी घासायला तयारच आहे असं समजा.

मग तीच पट्टी स्पोकवरून आडवी फिरवा. काही डिझाइनमध्ये स्पोक रिमच्या कडेच्याही बाहेर फुगलेले असतात, ढालीसारखे. अशा चाकांमध्ये दगड आधी स्पोकला लागू शकतो, आणि तिथे जगातला कुठलाही टायर मदतीला येत नाही. नवीन अलॉय निवडत असाल तर पोट आत गेलेले, कडेपेक्षा दबलेले स्पोक निवडा, हे माझं अगदी ठाम मत आहे, डिझाइन कितीही आवडलं तरी.

## रिम प्रोटेक्टर म्हणजे काय

धक्क्याला लागताना होडीच्या कडेला जुने टायर बांधलेले असतात बघा, होडी घासू नये म्हणून. रिम प्रोटेक्टर म्हणजे टायरने रिमसाठी केलेलं तेच काम. साइडवॉलच्या अगदी खालच्या भागात, रिमच्या कडेला लागून, टायरभर फिरणारा रबराचा एक जाड उंचवटा. तो रिमच्या कडेपेक्षा थोडा बाहेर येतो आणि दगडाचा घासा स्वतःच्या अंगावर घेतो.

कुणी विचारेल की साइडवॉलचं पोट आधीच बाहेर आहे तर मग हा उंचवटा कशाला? कारण पोट मऊ असतं, आत फक्त हवा. दगडाला जरा जास्त टेकलं की ते आत दबतं आणि ५ मिलिमीटरचं अंतर क्षणात संपतं. प्रोटेक्टरची जागा मात्र बीडजवळ असते. बीड म्हणजे टायरची आतली कड, जिच्यात पोलादी तारांचं वळं असतं आणि जी रिमला घट्ट धरून बसते. त्यामुळे प्रोटेक्टरला पाठीमागून आधार मिळतो, तो सहज दबत नाही. पोट पहिला इशारा देतं, प्रोटेक्टर शेवटची भिंत म्हणून उभा राहतो.

पण त्याची मर्यादाही समजून घ्या. हा उंचवटा काही मिलिमीटरचाच असतो. हळू वेगातला हलका घासा तो झेलतो, जोरात दाबून दहा फूट खरवडत नेलं तर तोही छिलला जातो आणि मग रिमचा नंबर. खड्ड्यात किंवा दगडावर आदळण्यात त्याचा काहीच उपयोग नाही. आणि वर सांगितलं तसं, रिम प्रमाणाबाहेर रुंद असेल तर टायर ताणला जाऊन हा उंचवटाही आत ओढला जातो.

## तो आहे की नाही हे कसं ओळखायचं

इथे खरंच वैताग येतो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमध्ये एका साइजला प्रोटेक्टर असतो आणि दुसऱ्या साइजला नसतो. सहसा ५५ आणि त्याखालच्या प्रोफाइलमध्ये मिळण्याची शक्यता जास्त, पण हमी नाही. किती जाड असावा हेही प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते, एकाचा ठसठशीत असतो आणि दुसऱ्याचा नुसती रेघ वाटावी इतका बारीक. युरोपात टायरला जे लेबल लावतात त्यावर इंधन, ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज हे सगळं असतं, रिम प्रोटेक्टरचा त्यात उल्लेखच नाही.

कंपन्यांची स्वतःची अक्षरं आहेत. कॉन्टिनेन्टल एफआर लिहिते, गुडइयर एफपी, डनलॉप एमएफएस. जर्मन विक्रेत्यांच्या यादीत एफएसएल असंही दिसतं. यातला एक सापळा लक्षात ठेवा: एफआर आणि आरएफ एक नाहीत. आरएफ म्हणजे रीइन्फोर्स्ड, जास्त वजन पेलणारा टायर, आणि आरएफटी म्हणजे रन-फ्लॅट, त्यांचा या उंचवट्याशी संबंध नाही. घाईत ऑर्डर करताना अक्षरं उलटी वाचली जातात आणि भलताच टायर घरी येतो.

त्यामुळे सगळ्यात खात्रीचं काम म्हणजे तुमच्याच साइजचा टायर दुकानात समोर उभा करून बघणं. बीडच्या जरा वर हात फिरवा, उंचवटा बोटाला स्पष्ट लागला पाहिजे. मॉडेलचा फोटो बघून ठरवू नका, फोटो दुसऱ्याच साइजचा असू शकतो.

## "मग एक साइज रुंदच घालतो ना"

हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर हो पण जपून असं आहे. समजा साडेसात इंची रिमवर २२५/४५ आर १७ आहे आणि तुम्ही २३५/४५ आर १७ घातला. तो या रिमवर अंदाजे २३१ मिलिमीटर भरेल, म्हणजे प्रत्येक बाजूला कमाई फक्त ३ मिलिमीटर. बदल्यात टायरचा व्यास ६३४ वरून ६४३ होतो, दीड टक्क्याच्या आसपास वाढ, स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवायला लागतो, आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा गाडी भरून खड्ड्यात गेल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतोय का ते तपासावं लागतं. ३ मिलिमीटरसाठी एवढं करायचं का ते ज्याचं त्याने ठरवावं, मी केलं नाही.

मुळात बसवलेल्या रिमसाठी टायर खूपच अरुंद असेल, पट्टी थेट रिमला टेकत असेल, तर मात्र हा बदल अर्थपूर्ण आहे. फक्त तीन गोष्टी सोडू नका: नवा टायर तुमच्या रिमच्या रुंदीला मान्य असला पाहिजे, साइजच्या पुढे लिहिलेला वजनाचा आकडा (टायर किती वजन पेलतो) आणि वेगाचं अक्षर (किती वेग सोसतो) गाडीच्या मूळ टायरपेक्षा कमी नको, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तो साइज आहे का ते बघा. नसेल तर तुमच्याकडच्या नियमांत आणि विम्यात तो बसतो का हे विचारल्याशिवाय बसवू नका.

उलट टोकाला जाऊन फार रुंद टायर अरुंद रिमवर कोंबला तर रिम झाकली जाते खरी, पण वळणावर साइडवॉल डुलायला लागते आणि गाडी सैल वाटते. रिम वाचवायच्या नादात गाडीचा ताबा ढिला करणं मला पटत नाही.

## "रिमच एक इंच लहान घेतली तर?"

माझ्या मते हा सगळ्यात शहाणपणाचा बदल आहे, फक्त कुणी सुचवत नाही कारण चाकं जरा लहान दिसतात. १८ इंचीवरच्या २२५/४० च्या जागी १७ इंचीवर २२५/४५ घातला की बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, साइडवॉल ९० वरून १०१ मिलिमीटर होते, आणि रिम ७ किंवा साडेसात इंच रुंद निवडली तर रबर ४ ते ८ मिलिमीटर बाहेर येतं. घासणं आणि आदळणं दोन्हींवर एकाच वेळी उपाय होतो, शिवाय गाडी जरा मऊ चालते.

अट एकच: लहान रिमच्या आत ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटणारा भाग, मावला पाहिजे. मोठे ब्रेक असलेल्या गाडीत तो मावत नाही. त्याच गाडीचं साधं व्हर्जन १७ वर येतं म्हणून आपल्यालाही चालेल असं धरून चालू नका, वरच्या व्हर्जनचे ब्रेक मोठे असू शकतात.

## "साइडवॉलच जाड आणि कडक का नाही बनवत?"

बनवतात की, रन-फ्लॅट टायर तसेच असतात. हवा गेली तरी साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, गाडी चालू शकते. पण ती जाडी आतल्या बाजूने असते, हवा गेल्यावर गाडीचं वजन पेलायला. बाहेरून रिम झाकणं हे तिचं काम नाही, त्यामुळे रन-फ्लॅट आहे म्हणून रिम घासणार नाही असं मुळीच नाही.

सगळ्याच टायरची साइडवॉल जाड का करत नाहीत याचं कारण साधं आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं, आणि प्रत्येक फेरीत साइडवॉलचा प्रत्येक तुकडा खाली आला की दबतो, वर गेला की सुटतो. तासाला पन्नास हजार वेळा. जितकं रबर जाड तितकी त्यात उष्णता जास्त आणि इंधनही जास्त जळतं. म्हणून साध्या टायरची साइडवॉल पातळ ठेवतात, त्यात पॉलिस्टरसारख्या धाग्याचे एक-दोन थर असतात, जमिनीला लागणाऱ्या भागात असतात तसे पोलादी पट्टे तिथे नसतात.

एक्सएल, म्हणजे एक्स्ट्रा लोड, लिहिलेल्या टायरबद्दलही हाच गैरसमज आहे. २२५/४५ आर १७ साध्यात ९१ या वजनाच्या आकड्याचा येतो आणि एक्सएलमध्ये ९४ चा, म्हणजे एका टायरमागे ६१५ किलोऐवजी ६७०. ते वजन पेलायचं बळ आहे, त्यासाठी हवाही जास्त लागते. रिमला ढाल म्हणून तो विकत घेऊ नका.

उलट बाजूनेही विचार झालाय. मिशलिन आणि मॅक्सिऑन व्हील्स यांनी २०१७ मध्ये एक चाक दाखवलं होतं ज्यात अलॉयची रिम अरुंद आणि तिच्या दोन्ही कडांना लवचीक रबरी भाग बसवलेले, दणका बसला की धातूऐवजी तो भाग दबणार. कल्पना मला मनापासून आवडली.

## चिकटवायच्या पट्ट्या आणि प्लास्टिकच्या रिंगा

काही पट्ट्या रिमच्या कडेवर चिकटवतात, काही रिंगा टायर आणि रिमच्या कडेमध्ये अडकवतात. हलका घासा त्या झेलतात हे खरं. पण चिकटवलेल्या पट्टीचं एक टोक सुटलं की ती वेगात फडफडते आणि रंगही खरवडते, खाली माती-मीठ अडकून गंज सुरू होतो तो वेगळाच. अडकवायच्या रिंगेत मला काळजी वाटते ती बीड नीट बसलंय की नाही याची, कारण हवा धरून ठेवण्याचं काम तिथेच होतं. बसवायचीच असेल तर टायरचं काम येणाऱ्या माणसाकडून बसवा, नंतर आठवडाभर हवा तपासत राहा. प्रोटेक्टरवाला टायर आधीच असेल तर त्यावर रिंग नीट बसेल की नाही हेही आधी विचारा, दोघांनाही तीच जागा हवी असते.

## हवा कमी असेल तर यातलं काहीच कामाचं नाही

कमी हवेच्या टायरचं पोट लगेच दबतं, घासताना रिम लवकर लागते आणि आदळताना चिमटा लवकर बसतो. थंडीत हवा आपोआप कमी होते, दर १० अंशांना दीड पीएसआयच्या आसपास. महिन्यातून एकदा गार टायरवर, म्हणजे गाडी चालवायच्या आधी, दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे हवा बघा.

## "थोडं खरचटलं तर बिघडतं काय?"

नुसतं खरचटलं असेल तर गाडीला धोका नाही. पण रंगाचा थर गेला की ॲल्युमिनियम उघडं पडतं, आणि पाणी-मीठ लागलं की गंज रंगाखालून सरकत जातो, पांढऱ्या किड्यांनी पोखरल्यासारख्या रेषा दिसतात. लेथवर कापून चमकवलेल्या रिमचं तर आणखी अवघड, कारण ती नीट करायची म्हणजे परत लेथवर चढवून धातूचा पातळ थर काढायचा, आणि असा थर किती वेळा काढणार? मोजक्याच वेळा जमतं.

कडेला पोचा पडलाय, हवा हळूहळू जातेय, किंवा ठराविक वेगाला स्टीअरिंग थरथरतंय, तर मात्र चाक काढून आतल्या बाजूने तपासा, आतली कड वाकलेली बाहेरून दिसत नाही. तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वापरू नका. अलॉयचं बळ उष्णतेच्या ठराविक प्रक्रियेतून आलेलं असतं, परत तापवलं की ती जागा मऊ पडते. आणि साइडवॉलवर फुगा आला असेल तर तो टायर गेला, त्याला दुरुस्ती नाही.

## चारही बदलायचे की दोनच

घासतात ती चाकं बहुतेक वेळा फुटपाथच्या बाजूची, पुढचं पार्किंग करताना आणि मागचं वळण जवळून घेताना, कारण मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून वळतं. तरी त्या एकाच बाजूला प्रोटेक्टरवाले टायर घालू नका. एका ॲक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर सारखेच हवेत, नाहीतर ब्रेक मारताना आणि ओल्या रस्त्यावर दोन बाजू वेगळ्या वागतात. बजेट दोनचंच असेल तर कोणत्या ॲक्सलला घालायचे हे पकडीचा विचार करून ठरवा, रिमचा नंतर.

दुकानात गेल्यावर मी आता आधी रिमची रुंदी सांगतो, मग साइज, मग वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर, आणि शेवटी प्रोटेक्टर हवा म्हणतो, याच क्रमाने. टायर बसवताना मशीनचं लोखंड रिमला लागू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर लावायला सांगतो, आणि कडेला ठोकायच्या वजनांऐवजी आतल्या बाजूला चिकटवायची वजनं मागतो, कारण जाड प्रोटेक्टर असला की ठोकायच्या वजनाला कडेवर जागा कमी पडते.

गेल्या वर्षभरात माझ्या पुढच्या टायरच्या त्या उंचवट्यावर चार-पाच ओरखडे पडलेत, एका जागी बोटभर रबर छिललंय. रिमवर जुना पट्टा तेवढा आहे, नवा एकही नाही. छिललेल्या जागेत आतला धागा दिसतोय का ते मी चाक धुताना बघत असतो, अजून तरी नुसतं काळं रबरच दिसतंय.